पुलांचें भूकंपगणित व त्याचा दृक्प्रत्यय

१. विषय व त्याची मर्यादा

भूकंपाच्या धक्क्यांत अमुक एक पूल तगेल कीं पडेल, हें धक्का येण्यापूर्वींच गणितानें ठरविण्याची विद्या गेल्या शंभर वर्षांत उदयास आली. तें गणित माणसाच्या हातून निघून संगणकाच्या आज्ञावलीकडे, म्हणजे ज्यास सॉफ्टवेअर म्हणतात त्याकडे, गेल्यासही आतां अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. या आज्ञावल्यांचा उगम, त्यांची परंपरा आणि त्यांच्या प्रामाण्याची कसोटी यांचा कालानुक्रमानें विचार करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय स्थापत्यशास्त्राचा, तो इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तीस उत्तर असें कीं, ज्या कृतीला कर्ता, काल, मूळ प्रत, नकला आणि शाखाभेद आहेत, ती कृति इतिहासाच्या कक्षेंत येते. आणि या आज्ञावल्यांना हीं पांचही अंगें आहेत. शिवाय या गणिताचा एक पाय जुन्या नोंदींवर उभा आहे, व त्या नोंदी शोधणें हें आपणां कागदपत्रें जमविणारांचेंच काम आहे. त्याचा विचार लेखाच्या शेवटीं केला आहे.

आपल्या ज्योतिषांत सिद्धांतग्रंथ आणि करणग्रंथ असा भेद आहे. सिद्धांत उपपत्ति सांगतो. करणग्रंथ उपपत्तींत न शिरतां फळ काढून देतो. गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२) पंचांग करणाऱ्या जोश्यास प्रत्येक रीतीचें मूळ ठाऊक असण्याची गरज नसे. सांगितलेला गुणाकार-भागाकार केला कीं ग्रह हातीं येई. परंतु गणितानें आलेला ग्रह आणि आकाशांत दिसणारा ग्रह यांत अंतर पडूं लागलें म्हणजे करणग्रंथ कितीही मान्य असला तरी त्यास संस्कार द्यावा लागे. गणित डोळ्यांस पटणें, यास दृक्प्रत्यय म्हणतात. पुलांच्या भूकंपगणिताच्या आज्ञावल्या हे या काळचे करणग्रंथ होत. संगणक आला आणि पूल निर्भय झाले, असा समज सहज होतो. परंतु साधनांचा क्रम लावून पाहतां तो टिकत नाहीं. या गणितांतील प्रत्येक मोठा संस्कार कोणत्या ना कोणत्या पडलेल्या पुलाच्या मागून आलेला दिसतो. हेंच प्रस्तुत लेखाचें प्रमेय आहे.

२. गणिताचें मूळ

पुलाचें गणित पूर्वीं मुख्यतः उभ्या भाराचें असे. स्वतःचें वजन, वरून जाणाऱ्या गाड्यांचें वजन आणि वाऱ्याचा व पाण्याचा रेटा इतकें पाहिलें म्हणजे काम भागे. भूकंपांत जमीन मुख्यतः आडवी हलते. खांबांचे पाय जमिनीबरोबर जातात, वरचा जड रस्ता जडत्वामुळें मागें राहूं पाहतो, आणि ही ओढाताण खांबांना सोसावी लागते. ती किती, हा या विद्येचा मूळ प्रश्न.

त्याचें पहिलें उत्तर स्थूल होतें. बांधकामाच्या वजनाचा एक ठराविक अंश घ्यावा, तितका रेटा बाजूनें लागला असें समजावें, आणि तो सोसेल असें बांधावें. जपानांत सानो या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ही रीत मांडली, इ. स. १९२३ च्या कांतोच्या भूकंपानंतर ती तेथील इमारतींच्या नियमांत गेली व पुढें थोड्याफार फरकानें अन्यत्र पसरली. हींत दोष असा कीं, ती बांधकामाची प्रकृति पाहत नाहीं. उंच व सडपातळ खांबांचा पूल सावकाश झुलतो. आखूड व जाड खांबांचा पूल झटक्यानें थरथरतो. एकच भूकंप एकाला नुसता हलवून सोडतो आणि दुसऱ्याला मोडतो. प्रत्येक बांधकामाचा स्वतःचा एक झोका असतो, आणि तो झोका व जमिनीचें हलणें यांचा मेळ कसा पडतो यावर सर्व अवलंबून असतें, हा विचार मॉरिस बिओ यानें इ. स. १९३२ मध्यें कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आपल्या प्रबंधांत गणिती रूपानें मांडला.

विचार झाला, पण साधन नव्हतें. जमीन प्रत्यक्ष कशी हलली याची जवळून घेतलेली नोंदच कोणापाशीं नव्हती. दूरचे भूकंप टिपणारीं नाजूक यंत्रें जवळच्या धक्क्यांत निकामी होत. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यानें जमिनीचा वेग व त्वरण ठरविण्यासाठीं उलथलेले स्तंभ आणि उडालेले दगड यांचा आधार घेतला; शिलालेख नसतां नाण्यांवरून राजवंश लावावा, तशी ती खटपट होती. अखेर इ. स. १९३२ मध्यें अमेरिकेच्या किनारा व भूमापन खात्यानें जोराचे धक्के टिपणारीं त्वरणलेखक यंत्रें कॅलिफोर्नियांत बसविलीं. त्यांच्यावर पहिला लेख १० मार्च १९३३ रोजीं लाँग बीचच्या भूकंपांत उमटला. आणि १८ मे १९४० रोजीं इंपीरियल व्हॅलीच्या भूकंपांत एल सेंट्रो गांवच्या वीजकेंद्राच्या इमारतींत जो लेख मिळाला, तो पुढें कित्येक दशकें या विद्येचा मूलग्रंथच होऊन बसला.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस या लेखाची कथा परकी वाटणार नाहीं. मूळ लेख म्हणजे छायाचित्राच्या कागदावर उमटलेली नागमोडी रेघ. ती गणितांत घ्यावयाची तर रेघेवरील बिंदूंचे आकडे वाचून मांडावे लागतात. आणि निरनिराळ्या वाचकांनीं ते निरनिराळे वाचले. एका प्रचलित प्रतींत उत्तर-दक्षिण दिशेचें सर्वांत मोठें त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारें ३२ शतांश आहे. दुसऱ्या तितक्याच प्रचलित प्रतींत तें सुमारें ३५ शतांश आहे. मूळ एक, प्रती अनेक, व प्रतींत पाठभेद. पुढें कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें अशा लेखांचे मूळ कागद पुन्हां वाचून, यंत्रदोष काढून, शोधित संहिता छापल्या. तरीही जुने पाठ चालूच राहिले. म्हणून एखाद्या ग्रंथकारानें “एल सेंट्रोचा भूकंप लावून पाहिला” असें लिहिलें असतां, कोणत्या प्रतीवरून, हें विचारणें अगत्याचें आहे.

मूलग्रंथ मिळाला, आतां रीत पाहिजे होती. ती दोन अंगांनीं तयार झाली. इ. स. १९५९ मध्यें नेथन न्यूमार्क यानें काल बारीक तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याच्या अंतीं बांधकाम कोठें असेल, हें मागील तुकड्याच्या स्थितीवरून काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. दुसरें अंग बांधकामाचे लहान लहान खंड पाडून प्रत्येकाचा ताठपणा वेगळा मांडण्याचें व ते सर्व जुळवून एकच समीकरणसमूह करण्याचें. रे क्लफ यानें इ. स. १९६० मध्यें या पद्धतीस जें नांव दिलें, त्याचा अर्थ परिमित खंडांची पद्धति असा आहे. एल सेंट्रोच्या लेखांतील एकतीस सेकंद सेकंदाच्या पन्नासाव्या भागानें मोजले तर पंधराशेंहून अधिक पायऱ्या होतात. आणि प्रत्येक पायरीवर सर्व खंडांचीं समीकरणें सोडवावयाचीं. हें काम हातानें होणारें नव्हे. संगणकाची गरज येथें उत्पन्न झाली.

३. इ. स. १९७१ चा विध्वंस व पहिल्या आज्ञावल्या

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एडवर्ड विल्सन यानें इ. स. १९७० मध्यें बांधकामांच्या विश्लेषणाची एक सर्वसाधारण आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचें नांव सॅप. इंग्रजी बोलींत या शब्दाचा अर्थ भोळसट मनुष्य असा होतो, आणि कर्त्यानें तें नांव जाणूनबुजून ठेविलें होतें: आज्ञावलीला स्वतःची बुद्धि नाहीं, बांधकामाचें चित्र बरोबर मांडण्याची व फळाची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे, याचें नित्य स्मरण राहावें म्हणून. आपल्या ग्रंथाच्या मर्यादा ग्रंथनामांतच घालणारा ग्रंथकार विरळा.

ही आज्ञावली कोणत्याही बांधकामाची होती, खास पुलांची नव्हे. पुलांकडे लक्ष वेधलें तें एका पहांटे. ९ फेब्रुवारी १९७१ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सॅन फर्नांडो येथें ६.६ प्रतीचा भूकंप झाला. मोठ्या रस्त्यांच्या संगमांवरील नवे, कित्येक तर बांधकाम अद्याप चालू असलेले, उंच पूल कोसळले. एका पुलाखालून मोटार नेणारे दोन इसम ठार झाले. नियमाप्रमाणें बांधलेले पूल नियमाप्रमाणेंच उभे राहावयास हवे होते. ते राहिले नाहींत. पाहणींत दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, गाळ्यांच्या सांध्यांवर रस्ता ज्या बैठकीवर टेकलेला असतो ती इतकी आंखूड होती कीं हेलकाव्यांत रस्ता तीवरून घसरून खालीं आला. दुसरी, काँक्रीटच्या खांबांतील उभ्या सळयांभोंवतीं ज्या आडव्या कड्या असतात त्या इतक्या विरळ होत्या कीं आंतील काँक्रीट फुटून बाहेर पडलें.

जुन्या गणितांत या दोन्ही गोष्टींना जागाच नव्हती. तें गणित पूल अखंड आहे व त्याचा ताठपणा कधीं बदलत नाहीं, असें धरून चालें. प्रत्यक्षांत सांधे उघडतात, मिटतात, एकमेकांवर आदळतात. खांब एका मर्यादेनंतर वांकून नमतो. हा भेद गणितांत आणण्यासाठीं बर्कली येथेंच त्सेंग व पेन्झीन यांनीं इ. स. १९७३ मध्यें अनेक गाळ्यांच्या लांब पुलांवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत सांध्यांचें आदळणें, बांधपट्ट्यांचें ताणलें जाणें आणि खांबांचें नमणें हीं सर्व मांडलेलीं आहेत. या कामांतून निघालेली आज्ञावली नीब्स या नांवानें ओळखली जाते. त्याच वर्षीं विल्सन, बाथे व पीटरसन यांची सॅपची चौथी आवृत्ति निघाली, आणि कानान व पॉवेल यांची ड्रेन नांवाची, बांधकाम नमल्यानंतरचें वर्तन काढणारी आज्ञावलीही निघाली. गणित ताडून पाहण्यासाठीं त्याच विद्यापीठाच्या हलत्या चौथऱ्यावर वक्र पुलाची लहान प्रतिकृति ठेवून ती कृत्रिम भूकंपानें हलविण्यांत आली; तिच्यावरील विल्यम्स व गॉडन यांचा अहवाल इ. स. १९७६ चा आहे.

या आज्ञावल्यांचा प्रसार कसा झाला, हेंही पाहण्यासारखें आहे. त्या फोर्ट्रान भाषेंत लिहिलेल्या असून भोंकें पाडलेल्या जाड कागदाच्या पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर उतरलेल्या असत. इ. स. १९७१ मध्यें निघालेल्या भूकंपशास्त्रीय माहितीकेंद्राकडून त्या अल्प मोलांत कोणासही मिळत. घेणारा आपल्या यंत्राप्रमाणें तींत फेरफार करी, आपल्या गरजेचा भाग जोडी, आणि ती प्रत पुढें दुसऱ्यास देई. येणेंप्रमाणें एका मुळाच्या अनेक शाखा झाल्या. पदरच्या पुरवण्या घालणारे लेखक आपल्या पोथ्यांनाच भेटले असें नव्हे.

४. ओकलंडची साक्ष

१९७१ च्या धड्याप्रमाणें कॅलिफोर्नियांत दुरुस्तीचें काम सुरू झालें. पहिल्या फेरींत बाराशेंच्या वर पुलांचे सांधे पोलादी दोरांनीं बांधण्यांत आले, हेतु हा कीं रस्ता बैठकीवरून घसरूं नये. ओकलंड शहरांतील सायप्रस नांवाच्या दुमजली उड्डाणपुलाला असे दोर इ. स. १९७७ मध्यें बसविले गेले. खांबांचा दोष मात्र पुढील फेरीवर राहिला.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजीं लोमा प्रिएटा येथें ६.९ प्रतीचा भूकंप झाला. त्याचा उगम ओकलंडपासून पुष्कळ दूर होता. तरीही सायप्रस पुलाचा सुमारें दोन किलोमीटर लांबीचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला व ४२ माणसें मेलीं. हा पूल इ. स. १९५७ मध्यें खुला झालेला. त्याच्या गणितांत बाजूचा रेटा वजनाच्या अवघा सहा शतांश धरलेला होता. वरच्या खांबाचा पाय जेथें खालच्या चौकटीवर टेकतो, त्या जोडांत आडव्या कड्या जवळजवळ नव्हत्या. शिवाय पडलेला भाग खाडीच्या मऊ चिखलावर उभा होता, आणि त्या चिखलानें धक्का वाढविला. जॉर्ज हाउस्नर याच्या अध्यक्षतेखालील चौकशी-मंडळानें इ. स. १९९० मध्यें आपला अहवाल दिला. त्याचा मथितार्थ थोडक्यांत सांगावयाचा तर, धोका ठाऊक होता आणि उपायही ठाऊक होता. काळ पुरला नाहीं.

येथें संशोधकानें थांबून विचार केला पाहिजे. १९७३ पासून आज्ञावल्या उपलब्ध होत्या. मग हा पूल कां पडला? गणित चुकल्यामुळें नव्हे. त्या पुलाच्या त्या जोडाचा प्रश्न आज्ञावलीला वेळेवर विचारून त्याप्रमाणें काम झालें नाहीं, म्हणून. आज्ञावली विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. दप्तरांत कागद असणें आणि तो कोणी वाचलेला असणें यांत जें अंतर आहे, तेंच हें.

पुढील दोन साक्षी हाच निष्कर्ष दृढ करतात. १७ जानेवारी १९९४ रोजीं नॉर्थरिजच्या भूकंपांत १९७१ सालीं ज्या संगमावर पूल पडले होते, त्याच संगमावरील इतर गाळे पडले. त्यांची आंखणी १९७१ पूर्वींच्या नियमांची होती. तेथें एक आंखूड खांब लांब खांबांच्या शेजारीं होता. ताठ असल्यामुळें त्यानें आपल्या वांट्याहून अधिक भार ओढून घेतला व तो प्रथम फुटला. याउलट १९८९ नंतर खांबांना पोलादी वेष्टण घालून दुरुस्त केलेले पूल त्याच धक्क्यांत उभे राहिले. बरोबर एका वर्षानें, १७ जानेवारी १९९५ रोजीं, जपानांत कोबे येथें हानशिन उन्नत मार्गाचा ६३५ मीटरांचा सलग भाग, अठरा गाळ्यांसह, एका कुशीवर आडवा झाला. तेथें खांबांतील कांहीं उभ्या सळया मध्यावरच तोडलेल्या होत्या आणि कड्या अपुऱ्या होत्या. ज्या जपानांत अंशमात्र रेट्याची रीत जन्मली, त्याच जपानानें दुसऱ्या वर्षीं पुलांचे नियम बदलून दोन प्रतींच्या धक्क्यांचा हिशेब आवश्यक केला.

५. ओपनसीस व एका खांबाची परीक्षा

या अनुभवांतून गणिताचें लक्ष संबंध पुलावरून खांबाच्या छेदावर आलें. मँडर, प्रीस्टली व पार्क यांनीं इ. स. १९८८ मध्यें कड्यांनीं आंवळलेल्या काँक्रीटची शक्ति व लवचिकपणा किती वाढतो याचें सूत्र दिलें. नंतरच्या आज्ञावल्यांत खांबाच्या छेदाचे शेंकडों तंतु कल्पून प्रत्येक तंतूचें वर्तन वेगळें मोजतात: हा पोलादाचा, हा आंवळलेल्या काँक्रीटचा, हा बाहेरच्या सालीचा. साल प्रथम फुटते, मग कड्या ताणल्या जातात, मग सळया वांकतात. गणितांत खांब क्रमाक्रमानें मरतांना दिसतो.

या परंपरेंतील प्रमुख आज्ञावली ओपनसीस होय. तिचें मूळ फ्रँक मॅकेना याच्या इ. स. १९९७ च्या बर्कली येथील प्रबंधांत आहे. मार्गदर्शक ग्रेगरी फेन्व्हस हे होते. पॅसिफिक भूकंप-अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या आश्रयानें ती वाढली. तिची मूळ संहिता सर्वांस वाचावयास खुली आहे व प्रत्येक फेरफाराची नोंद राहते. जुन्या पत्त्यांच्या काळीं कोणी काय घातलें हें कळण्यास मार्ग नसे. येथें प्रक्षेपाचा कर्ता व दिवस दोन्ही सांपडतात. पाठचिकित्सकास याहून सुखाची स्थिति नाहीं.

परंतु संहिता शुद्ध असली म्हणून अर्थ एकच लागतो असें नाहीं. इ. स. २०१० मध्यें सॅन डिएगो येथील उघड्यावरील मोठ्या हलत्या चौथऱ्यावर काँक्रीटचा एक पूर्णाकृति खांब उभा करण्यांत आला. उंची सुमारें ७.३ मीटर, व्यास सुमारें १.२ मीटर, माथ्यावर काँक्रीटचें प्रचंड ओझें. आंखणीचे नकाशे, काँक्रीट व पोलादाचे गुणधर्म आणि द्यावयाचे धक्के हें सर्व आधीं जाहीर करून, खांब किती झुकेल याचें भाकीत तज्ज्ञांकडून मागविलें. ४१ पथकांनीं तीं पाठविलीं. खांब हलविल्यावर दिसलें कीं भाकितांत फार मोठी तफावत आहे; एकच आज्ञावली वापरणारांतही एकवाक्यता नव्हती. एकाच सूत्रावर दहा टीकाकारांनीं दहा अर्थ करावे, तसा हा प्रकार. विल्सन यानें चाळीस वर्षांपूर्वीं सॅप या नांवांत जी सूचना ठेविली होती, तिचा हा पूर्ण दृक्प्रत्यय होय.

उभ्या पुलांचीही साक्ष घेतां येते. एल सेंट्रोजवळच्या मेलोलँड येथील दोन गाळ्यांच्या पुलावर इ. स. १९७८ मध्यें यंत्रें बसविलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं, १५ ऑक्टोबर १९७९ रोजीं, त्या खोऱ्यांत पुन्हां भूकंप झाला. पूल सुखरूप राहिला व त्याच्या हालचालीचे लेख हातीं आले. तेव्हांपासून त्या लेखांशीं ताडून अनेकांनीं आपलें गणित शुद्ध केलें. पडलेला पूल चूक दाखवितो. यंत्रें बसविलेला उभा पूल गणित कोठवर खरें आहे हें दाखवितो. दोन्ही पुरावे हवेत.

६. कोयनेचा लेख

या जागतिक साधनसंग्रहांत महाराष्ट्राचा एक लेख आहे. तो पुलाचा नव्हे, धरणाचा. परंतु गणिताची जात तीच. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनानगर येथें भूकंप झाला व पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें दगावलीं. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या आंतील गॅलरीमध्यें त्वरणलेखक बसविलेला होता. त्यावर त्या धक्क्याचा लेख उमटला. धरणाच्या लांबीच्या दिशेस त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारें ६३ शतांश आणि प्रवाहाच्या दिशेस सुमारें ४९ शतांश होतें. आंखणींत बाजूचा रेटा वजनाच्या अवघा पांच शतांश धरलेला होता. धरण फुटलें नाहीं. पण मागील बाजूचा उतार जेथें एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास आडव्या भेगा पडल्या.

बर्कली येथें चोप्रा व चक्रवर्ती यांनीं हाच लेख संगणकांत घालून परिमित खंडांच्या पद्धतीनें धरणाचें गणित केलें व तें इ. स. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालें. सर्वांत मोठा ताण त्याच उताराच्या जागीं निघाला. पांच शतांशांच्या जुन्या रीतीनें ही जागा धोक्याची आहे असें कळतच नव्हतें. भेग आणि आकडा एका जागीं आले. दृक्प्रत्यय यालाच म्हणावयाचें. ॲबाकस या प्रसिद्ध आज्ञावलीच्या उदाहरणसंग्रहांतही कोयनेचें उदाहरण आहे. सह्याद्रींतील एका पहांटेचा कागद आज देशोदेशींच्या गणितांचा निकष झाला आहे, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावी तितकी नाहीं.

७. साधनांचें जतन व आपलें काम

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक: आज्ञावलीचें प्रामाण्य तिच्या वयावर, नांवावर किंवा आंकड्यांच्या बारकाव्यावर नसून प्रत्यक्षाशीं पडलेल्या मेळावर आहे. दोन: तो मेळ पाहावयाचा तर मूळ लेख, पडलेल्या पुलांचे नकाशे, पाहणीचे अहवाल व आज्ञावल्यांच्या जुन्या प्रती सांभाळल्या पाहिजेत. छापील अहवाल टिकतात; पत्ते कुजतात, फिती पुसट होतात, आणि त्या वाचणारीं यंत्रें त्यांच्याही आधीं नाहींशीं होतात. मोडी वाचणारा न उरला तर रुमालांचें जें होईल, तेंच यांचें होईल. आज उभ्या असलेल्या पुष्कळ जुन्या पुलांचीं गणितें अशाच आज्ञावल्यांनीं केलेलीं आहेत. तीं तपासून पाहण्याची वेळ आली तर मूळ प्रत कोठून आणावयाची?

तिसरा निष्कर्ष आपणांस अधिक जवळचा आहे. आज्ञावलीला पुलाचें वर्णन पुरवावें लागतें, तसें त्या जागीं किती मोठा धक्का अपेक्षावा हेंही पुरवावें लागतें. यंत्रांच्या नोंदी उण्यापुऱ्या शंभर वर्षांच्या. मोठे भूकंप एका जागीं कित्येक शतकांनीं येतात. मधली पोकळी जुन्या लिखित नोंदींनींच भरते. भारतापुरता असा पहिला मोठा प्रयत्न टॉमस ओल्डहॅम याची भूकंपांची यादी हा होय, ती इ. स. १८८३ मध्यें छापली गेली. नोंदी तुटपुंज्या असल्या म्हणजे काय होतें याचें उदाहरण आपल्या घरचें आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप होऊन आठ हजारांच्या घरांत माणसें मेलीं. तो प्रदेश तेव्हांच्या भूकंपनकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत घातलेला होता. त्या नकाशावरून केलेलें कोणतेंही गणित, आज्ञावली कितीही निर्दोष असली तरी, तेथें उणेंच पडलें असतें. मूळच अपुरें असतां भाष्य पुरें कसें होणार?

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. आपल्या दप्तरांतील पत्रें, शकावल्या, देवस्थानांचे हिशेब, जोश्यांचीं टिपणें यांत “धरणीकंप जाहला” असा उल्लेख आढळल्यास तो क्षुल्लक म्हणून सोडूं नये. तो मूळ शब्दांत उतरून घ्यावा. तिथि, वार, शक व संवत्सर, प्रहर, लिहिणाराचें गांव आणि धक्का जाणवल्याचें गांव हीं वेगळीं नोंदवावीं. कारण बातमी ऐकून लिहिणारे व स्वतः अनुभवून लिहिणारे यांत भेद आहे. किती वेळ हललें, देवळाचें शिखर, वाड्याची भिंत, किल्ल्याचा बुरूज, विहिरीचें पाणी, पूल किंवा घांट यांस काय झालें, हें असल्यास अवश्य द्यावें. त्यावरून धक्क्याची प्रत अजमावतां येते. कागद अस्सल कीं नक्कल, समकालीन कीं उत्तरकालीन, हें लिहावें. तिथीचें इंग्रजी तारखेंत रूपांतर करतांना मूळ तिथि गाळूं नये, कारण रूपांतराच्या चुकीनें एकाच भूकंपाचे दोन भूकंप याद्यांत शिरतात. पोवाड्यांत व बखरींत सैन्याच्या चालीनें धरणी कांपल्याचें वर्णन असतें. तें अलंकार म्हणून वेगळें काढावें. नकारात्मक पुरावाही उपयोगाचा आहे: एखाद्या गांवचे रोजकीर्द शंभर वर्षें सलग असून त्यांत धक्क्याचा उल्लेख नसेल, तर तेंही कळवावें.

अशा दहावीस विश्वसनीय नोंदी तालुकावार एकत्र झाल्या, तर पुढें एखाद्या नदीवर पूल बांधतांना गणित करणाऱ्यास त्यांचा उपयोग होईल. त्या नोंदी उतरून देणाऱ्याचें नांव त्या पुलावर कोरलें जाणार नाहीं. पण पुलाचा खांब किती जाड असावा व त्यांत किती कड्या असाव्या, हें ठरविण्यांत त्याच्या एका ओळीचा वांटा असूं शकेल.